डावा गाल रजेवर

तोंड वाकडं करणं आमच्या घरात नवीन नाही. चहात साखर कमी पडली की आत्याबाई करतात, एखादं लग्नाचं गिऱ्हाईक फारच घासाघीस करायला लागलं की आमचे हे करतात, आणि लगाम दाखवला की बुलबुल तर दातांसकट करते. त्यामुळं गेल्या फाल्गुनात एका सकाळी माझं तोंड खरोखरच वाकडं झालं, तेव्हा बराच वेळ कुणी मनावरच घेतलं नाही.

मी मंदा. राहात्याच्या अलीकडं रस्त्याला लागून आमची वस्ती आहे. थोडा ऊस, थोडे पेरू, भरपूर लसूणघास आणि चार घोडी. माझ्या माहेरी टांगा होता, म्हणून लग्न होऊन आल्यापासून घोड्यांचं सगळं माझ्याकडं. लोक मालक म्हणून ह्यांना रामराम घालतात, घोडी मात्र मला ओळखतात. लग्नसराईत नवरदेव मिरवायचे, रविवारी शहरातल्या मुलांना बसायला शिकवायचं आणि उरलेले दिवस लीद भरायची, खरारा करायचा, हा आमचा उद्योग. बुलबुल ही आमची पांढरी, नाचरी घोडी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं वय कुणालाच ठाऊक नाही. त्या स्वतः दर वर्षी वेगळं सांगतात.

त्या सकाळी कोपरगावला वरात होती. ह्यांनी बुलबुलला झूल, गोंडे, पायात घुंगरू घालून पिकअपमध्ये चढवलं होतं. मी नळावर चूळ भरली आणि पाणी डाव्या कोपऱ्यातून थेट साडीवर आलं. वाटलं, दाढ सुजली असेल. चहा घेतला, तोही त्याच वाटेनं बाहेर. मग बुलबुलला जरा मागं सरकवायला गेले. तिला सरकवायचं तर मी ओठांनी पुच-पुच करते. त्या दिवशी पुच-पुच झालंच नाही. नुसतं फुस्स झालं. पंक्चर काढताना होतं तसं. बुलबुलनं मान वळवून माझ्याकडं असं काही बघितलं, जसं एखादी सरपंचीण ओळख नसलेल्या बाईकडं बघते.

"अगं, नीट सांग की तिला," हे म्हणाले.

"फुस्स," मी म्हणाले.

ओट्यावर बसलेल्या आत्याबाईंनी मान वर केली. "मंदे, त्वांड असं का धरलंय?"

"कसं?"

"येंगाडल्यावानी."

मी पिकअपच्या आरशात बघितलं. डावी बाजू खाली बसली होती. डोळा टक्क उघडा, ओठाचा कोपरा लोंबलेला, कपाळावरच्या आठ्या पुसल्यासारख्या गेलेल्या. खरं सांगते, डावीकडून मी चांगली तरुण दिसत होते. पण तेव्हा हसू आलं नाही. माझे वडील लकव्यानं गेले. अंथरुणावर होते तेवढे दिवस त्यांची लाळ मीच पुसायचे. आरशात मला माझं तोंड दिसलंच नाही, त्यांचं दिसलं.

पिकअपमधली घोडी

घोडी उतरवायला वेळ नव्हता. ह्यांनी मला आणि आत्याबाईंना पुढं कोंबलं आणि गाडी दवाखान्याकडं सोडली. मागं प्रत्येक खड्ड्याला घुंगरू वाजत होते. आत्याबाई मोठ्यानं म्हसोबाला हाका मारत होत्या. रस्त्यावरचे लोक वरात समजून बाजूला होत होते, एकानं तर हात हलवला.

मोठ्या दवाखान्याच्या फाटकावर वॉचमननं अडवलं. "जनावरांचा दवाखाना हितं न्हाई, मागं ऱ्हायला."

"आरं, पेशंट फुडं बसलाय!" हे ओरडले.

वॉचमननं काचेतून आत वाकून बघितलं. आधी आत्याबाईंकडं, मग माझ्याकडं. "दोघींतली कंची?"

मला आत घेतलं तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. नवरदेवाचे वडील. हे कॉरिडॉरमध्ये मोठमोठ्यानं बोलत होते, मला आत सगळं ऐकू येत होतं.

"घोडी दवाखान्यात हाय, साहेब... न्हाई न्हाई, घोडीला काय न्हाई झालं. बायकोला झालंय... व्हय, घोडी ठणठणीत हाय... ते बी खरं हाय म्हना."

मग ते पडद्याआडून डोकावले. म्हणाले, "ते म्हणत्यात, घोडी बरी हाय तर पाठवा की."

"जा," मी म्हणाले.

आणि ते गेले! बायांनो, नवरा शहाणा असेल तर त्याला लग्नाआधीच समजावून सांगा, की जा म्हटलं तरी जायचं नसतं.

बेल का बैल

डॉक्टर अगदी तरुण मुलगी होती. तिनं मला भुवया वर करायला लावल्या, डोळे मिटायला लावले, गाल फुगवायला लावले, हात-पाय उचलायला लावले. मग म्हणाली, "दात दाखवा." मी दाखवले. आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला.

"डाव्या बाजूचं कपाळसुद्धा हलत नाही ना?" डॉक्टर म्हणाली. "बरं झालं."

मला राग आला. कपाळ हलत नाही यात बरं काय? पण तिनं नीट सांगितलं. मेंदूचा झटका असतो तेव्हा बहुतेक वेळा कपाळ हलतं आणि हातापायातली ताकद जाते. माझे हात-पाय चांगले होते. चेहऱ्याची तेवढी एक नस सुजली होती. गोळ्या, डोळ्यांची काळजी आणि व्यायाम केला तर बहुतेकांचा चेहरा परत येतो. "पण हे घरी आरशात बघून ठरवायचं नसतं," ती म्हणाली. "लगेच आलात, हे सगळ्यात चांगलं केलंत." हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतेय. तुमच्या घरात असं काही झालं तर मागं घोडी असली तरी तसंच निघा.

"आजाराचं नाव काय म्हनायचं?" आत्याबाईंनी विचारलं.

"बेल्स पाल्सी."

"बैल?"

"बेल, आजी. बेल."

"म्हादेवाला व्हातो त्यो?"

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी काय बोलणार, माझा अर्धाच ओठ कामावर होता. आत्याबाईंनी थोडा विचार केला आणि स्वतःच निकाल दिला. "बैल काय अन् बेल काय, दोनी म्हादेवाचेच. काय व्हत न्हाई तुला."

त्यांनी गावात मात्र बैलाचाच आजार सांगितला. लोक म्हणाले, घोड्यांत राहून बैलाचा कसा झाला?

वॉर्डातले दिवस

भीतीनं माझा बी.पी. इतका चढला होता, की दवाखान्यानं ठेवूनच घेतलं. शेजारच्या खाटेवर दम्याच्या त्रासानं आलेल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या दुपारपर्यंत माझ्याकडं बघत होत्या. मग त्यांनी चष्मा लावला आणि कडक आवाजात विचारलं, "तुम्ही मला मघापासून डोळा का मारताय?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की डावी पापणी मिटतच नसल्यानं मी उजवी मिटली की ते सरळ डोळा मारणं होतं. म्हणजे सकाळपासून मी वॉचमनला, वॉर्डबॉयला, तपासायला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना, सगळ्यांना डोळा मारत आले होते. मी बाईंना समजावून सांगितलं. बाई इतक्या हसल्या, की त्यांना वाफ द्यायला लागली आणि सिस्टर माझ्यावर ओरडली.

वॉर्डाचा दिवस फार लांब असतो. थेंब, गोळी, थेंब, पातळ खिचडी, थेंब. डोळा कोरडा पडू नये म्हणून मलम घालून वर चिकटपट्टी. डावा गाल मी बोटानं वर धरून बसायचे, जणू सोडला तर गळून पडेल. बाईंनी मला सांगितलं, "रडायचं असेल तर रडून घ्या, मी भिंतीकडं तोंड करते." त्या खरोखर भिंतीकडं वळल्या. मी रडले. एवढी साधी गोष्ट, पण अशी सोय आपल्या घरातही कुणी करत नाही.

पहिल्याच संध्याकाळी हे आले. हातात लग्नातली बुंदी.

"वरात कशी झाली?" मी तोंड वळवूनच विचारलं.

"बुलबुल नाचलीच न्हाई. हुबी ऱ्हायली खांबावानी. मग तिच्याम्होरं नवरदेवाचा मामा नाचला."

ते खाटेवर बसले आणि मला उजव्या बाजूनं एकेक चमचा खिचडी भरवायला लागले. डाव्या बाजूला, हनुवटीखाली, त्यांनी तळहात पसरून धरला होता, घोड्याला गूळ देताना धरतात तसा. खाली सांडेल ते तळहातात पडत होतं. त्या तळहातापायी वरातीचं मी अर्धं माफ केलं. अर्धं अजून आहे.

कबुतर आणि इतर उपाय

घरी आले तर बघायला रांग. प्रत्येकाचं मत एकच, वारं लागलं. कुठलं वारं, कधी लागलं, यावर मात्र भांडणं झाली. कुणी म्हणालं पंख्याचं, कुणी म्हणालं गाडीच्या खिडकीचं, आणि एका बाईनं माझ्या घोड्यावर बसण्याचंच वारं आहे असं सांगून टाकलं. तिला ते माझं लग्न झालं तेव्हापासून सांगायचं होतं.

शेजारच्या वस्तीवरचे किसनतात्या टोपलीत एक जिवंत कबुतर घेऊन आले. त्याचं रक्त गालाला चोळलं की नस उठते म्हणे. मी कबुतराकडं बघितलं. कबुतर माझ्याकडं बघत होतं. त्याचाही एकच डोळा माझ्याकडं होता. तात्या चहाला आत गेले, तशी मी टोपली उघडली. कबुतर उडून दूर गेलं नाही, छपरावर बसलं आणि पुढं महिनाभर घोड्यांच्या चंदीतले दाणे खाऊन चांगलं गुबगुबीत झालं. आत्याबाईंनी माझ्या दंडाला काळा धागा बांधला, तो मी राहू दिला. धाग्याचं आणि गोळ्यांचं भांडण नसतं. फक्त धाग्यासाठी गोळी चुकवायची नाही.

फुलफुल

ओठ नीट मिटत नसल्यानं प, ब, म ही अक्षरं माझ्या तोंडातून घसरून जात होती. बुलबुलची फुलफुल झाली. मी गोठ्याच्या दारातून फुलफुल, फुलफुल अशी हाक मारायचे आणि घोडी मागं वळून बघायची, की ही फुलफुल कोण नवी आली?

रविवारच्या मुलांतल्या एका चिमुरडीनं माझ्याकडं बराच वेळ बघून निदान केलं, "मावशी, तुमचा चेहरा हँग झालाय." मला ते फार पटलं. पण त्यानंतरच्या रविवारपासून मी मुलांसमोर जायचं बंद केलं. कारण निघताना तिच्या आईनं मुलीला जवळ ओढून घेतलं होतं.

डॉक्टरनं व्यायाम दिले होते. आरशासमोर बसून गाल फुगवा, फुंकर मारा, ओठांचा चंबू करा, मोठ्यानं प-फ-ब-भ-म म्हणा. मी एकटी करायला लाजायचे. म्हणून आत्याबाई शेजारी बसून करायला लागल्या. त्यांच्या तोंडात दात नाहीत, त्यामुळं चंबू फार सुरेख व्हायचा. "हे बघ, असं," म्हणून त्या मला रोज हरवायच्या. आम्ही गोठ्याजवळच बसायचो. मी गालाला तेल लावून चोळायचे. त्याच्या वासानं बुलबुल मान उंच करून वरचा ओठ पार नाकावर गुंडाळायची. घोडी वास घेताना तसं करतातच, पण आत्याबाईंचं म्हणणं, "बघ, तिला येतं. तुला का येत न्हाई?"

रागीट डोळा

या सगळ्यात हे माझ्याकडं बघायचेच बंद झाले. जेवायला वाढलं की ताटाकडं, बोलायला लागलं की घोड्याच्या कानाकडं. शिवाय अचानक भांडी घासायला लागले. लीद भरायला माझ्याआधी उठायचे. मी मनात सगळं जुळवलं. तोंडाची किळस येते आणि ती झाकायला बिचारे कामं करतात. ते काही बोलले असते तर मी भांडले असते, पण न बघणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

एका दुपारी मी त्यांच्या हातातलं भांडं काढून घेतलं. "माझ्याकडं बघा."

"बघतोय की."

"माझ्या पदराकडं बघताय. एवढं वाईट दिसतं का?"

त्यांनी मान वर केली. चेहरा अगदी शाळेत मार खाणाऱ्या पोरासारखा. "वाईट न्हाई गं. तुझा त्यो डोळा मिटत न्हाई. टक्क बघत ऱ्हातो. आधी तुझा राग घटकाभरात जायचा. ह्यो जायलाच तयार न्हाई. वरातीला गेल्तो म्हनून धरलाय, मला म्हाईत हाय."

म्हणजे हा माणूस इतके दिवस माझ्या डाव्या डोळ्याला घाबरून भांडी घासत होता! मला हसू फुटलं. उजवीकडून हसले, डावीकडून लाळ आली. ती त्यांनी स्वतःच्या टोपीनं पुसली. राग नाही, हे मी त्यांना लगेच सांगायला हवं होतं. पण भांडी बरीच शिल्लक होती, म्हणून ती झाल्यावर सांगितलं.

डोळा मारणारी बाई

बुलबुल माझ्याशिवाय नाचेना, त्यामुळं एका लग्नाला मला जावंच लागलं. डोळ्याला मोठा काळा गॉगल, तोंडाला ओढणी. पुच-पुच येत नव्हतंच, मी लगामाच्या हातानं आणि मानेवर थोपटून तिला समजावत होते. ती नाचली. थोडी रागावूनच, पण नाचली.

मांडवाच्या दारात गर्दीत गॉगल पडला. समोर नवरदेवाचे काका. मला धूळ लागत होती, मी सारखी पापणी मिटत होते. काका आधी गोंधळले, मग त्यांनी फेटा नीट केला, मग मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात त्यांची बायको आली. काठापदराची, दणकट बाई.

"काय गं ए, कुनाला डोळा मारतीस? भर लग्नात!"

बँड थांबला. अशा वेळी बँड नेमका थांबतो. मी काही सांगायला गेले तर ब आणि म घसरले आणि काय निघालं ते मलाही कळलं नाही. मग मी ओढणीच काढली. घराबाहेर पहिल्यांदा सगळ्यांसमोर. म्हणाले, "मिटतच न्हाई हो तो. आजार हाय."

बाई माझ्या अगदी जवळ आल्या. माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "डावी बाजू का? माझी उजवी गेल्ती. थोरल्याच्या येळी, पोटुशी हुते तवा. आता बघ बरं, वळखू येतंय का?"

मी बघितलं. त्या हसल्या. मला काहीच ओळखू येईना. त्यांनी सांगितलं नसतं तर मी डावीही म्हटलं असतं. भुवया वर केल्या, दोन्ही गेल्या. त्यांनी गाल फुगवले, मांडवाच्या दारात, सगळ्या पाहुण्यांसमोर, आणि दोन्ही सारखे फुगले.

"रातीला डोळ्याला पट्टी लाव, त्वांड झाकून घरात बसू नको," त्या म्हणाल्या. "झाकलं म्हंजे लोकांना लई मोठं वाटतं." मग त्यांनी नवऱ्याकडं वळून सांगितलं, "अन् तुमी मिशीवरचा हात घ्या खाली. तुमाला न्हाई मारला." बँड पुन्हा सुरू झाला. मी ओढणी बुलबुलच्या गळ्यात बांधून टाकली.

पुढच्या रविवारी मी मुलांसमोर गेले.

माशी

चेहरा परत आला तो एका अगदी साध्या दुपारी. मी चंदी भिजवत होते. डाव्या गालावर माशी बसली आणि गाल थरथरला. घोडी अंगावरची माशी उडवताना कातडी हलवतात ना, तसाच. मी किंचाळले. हे मळ्यातून पळत आले. आत्याबाईंना ते बघायचंच होतं, म्हणून त्यांनी माझ्या गालाला गूळ लावला आणि आम्ही तिघं दुसऱ्या माशीची वाट बघत बसलो. एरवी घोड्यांमुळं आमच्याकडं माशांना तोटा नसतो. त्या दिवशी एक येईल तर शपथ.

त्यानंतर हळूहळू ओठाचा कोपरा उठला, पापणी उतरायला लागली. घाईत असणाऱ्यांना सांगते, हे उसासारखं आहे. रोज उकरून बघितलं म्हणून लवकर उगवत नाही.

आता

आता बहुतेक सगळं जागेवर आहे. फक्त एक नवी गंमत झाली आहे. जेवायला बसलं की माझ्या डाव्या डोळ्यातून पाणी येतं.

पहिल्यांदा ते झालं तेव्हा आत्याबाईंनी हुलग्याचे शेंगोळे केले होते. मी खातेय आणि डोळ्यातून धार. "तिखट झालं का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, शेंगोळ्यांकडं बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला! "इतकं चांगलं झालंय?" मी काय करणार, हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्त्यांवर बातमी, की सुनेला माझे शेंगोळे खाऊन रडू आलं.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर कारण सांगायला लागली. नस नव्यानं वाढताना तोंडाची एखादी तार चुकून डोळ्याला जोडली जाते, म्हणून घास चावला की डोळ्याला पाणी येतं. पण हे सगळं तिनं सांगायच्या आत मी आत्याबाईंना चहा प्यायला बाहेर पाठवलं होतं.

तेव्हापासून आठवड्याला शेंगोळे असतात. परवाही होते. हे आधीच जेवून मळ्यात गेले होते, आम्ही दोघीच. माझा डावा डोळा आपलं काम करत होता. आत्याबाईंनी आपल्या ताटातले दोन शेंगोळे उचलून माझ्या ताटात ठेवले आणि सहज, भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "तुझं त्वांड गेलं त्या दिवशी गाडीत मी म्हसोबाला म्हनले हुते, माझं घे, तिचं ऱ्हाऊ दे. ह्या वयात माझ्या तोंडाकडं कोन बघतंय?"

आणि माझा उजवा डोळाही वाहायला लागला. त्या बाजूची नस तर कधी बिघडलीच नव्हती.

आत्याबाईंनी बघितलं. "आज लईच चांगलं झालंय वाटतं."

"व्हय आत्याबाई," मी म्हणाले. "अजून वाढा."